झाडाला आधी सांगावे लागते

आमच्या उमरग्याच्या घरासमोरचा मोगरा आता तिसऱ्यांदा जागा बदलणार आहे. कारण अगदी साधे आहे. मुलाने गाडी घेतली आहे, गाडीला फाटकातून आत यायचे आहे, आणि फाटक रुंद करायचे तर नेमका त्याच जागी मोगरा उभा आहे. मुलगा पुण्याला नोकरी करतो. गेल्या महिन्यात दोन दिवसांसाठी आला होता, तेव्हा म्हणाला, ‘बाबा, शेजारच्या बांधकामावर जेसीबी आलेला आहे. रविवारी दहा मिनिटांत उचलू आणि मागच्या अंगणात लावून टाकू.’ मी म्हणालो, ‘रविवारी नाही. श्रावणात.’ तो माझ्या तोंडाकडे पाहतच राहिला. मृग नुकताच निघाला होता. श्रावणाला दोन महिने अवकाश होता.

त्यावरून आमची थोडी वादावादी झाली. एका झुडपासाठी दोन महिने गाडी रस्त्यावर उभी करायची, हे त्याला पटेना. आणि एक जमलेले झाड दहा मिनिटांत उचलता येते, ही कल्पनाच मला सहन होईना. तेव्हा पुढे जे लिहिले आहे ती त्या वादातली माझी बाजू आहे, असे समजायला हरकत नाही.

वाढलेले झाड उचलून आपल्या दारी आणण्याची हौस माणसाला फार जुनी आहे. सत्यभामेच्या हट्टापायी श्रीकृष्णाने इंद्राच्या बागेतला पारिजातक द्वारकेला आणला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. झाड सत्यभामेच्या दारी आणि फुलांचा सडा रुक्मिणीच्या अंगणात, या गमतीवर आपण हसतो. मला मात्र अलीकडे त्या कथेत दुसराच प्रश्न पडतो. स्वर्गातून उपटलेले ते झाड कोमेजले कसे नाही? देवाने आणले म्हणून जगले, एवढेच उत्तर. माणसांनी आणलेल्या झाडांची गोष्ट वेगळी. इजिप्तच्या हत्शेपसुत राणीने सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी पुंट देशातून धुपाची झाडे गलबतांतून मागवली होती. तिच्या देवळाच्या भिंतीवर ती हकीगत कोरलेली आहे. त्यात मुळांसकट झाडे टोपल्यांत ठेवलेली आणि त्या टोपल्या काठ्यांना टांगून माणसे वाहून नेताना दिसतात. टोपली कशासाठी? मुळांभोवतीची माती सुटू नये यासाठी. देवाला जी टोपली लागली नाही ती माणसाला साडेतीन हजार वर्षांपूर्वीही लागत होती आणि आजही लागते.

आमच्या गावच्या जुन्या घरी पारिजातकही होता आणि मोगराही. पारिजातक माझ्या चुलतीने लावलेला, मोगरा आईने. दोघी जावांचे फारसे पटत नसे, पण पहाटे पारिजातकाची फुले वेचायला दोघीही एकाच वेळी उठत. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. रात्री उशिरापर्यंत गणपतीचे विसर्जन चालले होते आणि माणसे दमून झोपली होती. तीन वाजून छप्पन मिनिटांनी भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद, असली घरे होती आमची. उन्हाळ्यात ती गार राहत. त्या पहाटे तीच अंगावर आली. मी तेव्हा सोलापूरला बँकेत होतो. गावी पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आई आणि धाकटा भाऊ वाचले होते. चुलती वाचली नव्हती. भिंत आतल्या बाजूला पडली होती, त्यामुळे अंगणातला पारिजातक तसाच उभा होता. आश्विनाच्या तोंडावर त्याला बहर असतो. खाली फुले पडलेली होती आणि त्यांच्यावर धूळ बसलेली होती.

पुढची वर्षे पत्र्याच्या शेडमध्ये गेली. किल्लारी, सास्तूर अशी बावन्न गावे जुनी जागा सोडून नव्या गावठाणात वसवायची ठरली. आमचेही गाव त्यात होते. ज्याची जमीन किती, त्यावर त्याचे घर केवढे, हे ठरले. भूमिहीन आणि हेक्टरभरापर्यंतवाल्यांना अडीचशे चौरस फूट, त्याच्या वरच्यांना चारशे, सात हेक्टरच्या वरच्यांना साडेसातशे. त्या कामाला मी नावे ठेवत नाही. हजारो कुटुंबांना पक्की घरे मिळाली, हे थोडे नव्हे. पण माणसे मोजली, जनावरे मोजली, जमीन मोजली, अंगणातली झाडे कोणी मोजली नाहीत. नव्या गावठाणात सरळ रेषेत रस्ते होते, दूर दूर घरे होती आणि सावलीचे एक पान नव्हते. पारिजातक तिथे न्यायचा, असे आईने मनाशी ठरवले होते. ज्या जावेशी पटत नव्हते तिचे झाड.

१९९६ च्या वैशाखात आई तुळजापूरला गेली होती. ती परत यायच्या आत तिला आनंदाचा धक्का द्यावा, म्हणून भावाने ट्रॅक्टर नेला, बुंध्याला दोर बांधला, भोवतीची माती पहारीने मोकळी केली आणि दुपारी दोन वाजता झाड ओढून काढले. काळी जमीन वैशाखात विटेसारखी झालेली असते. मातीचा गोळा आलाच नाही. माती जागेवर राहिली आणि मुळे तुटून नुसते खोड वर आले. भावाने नव्या घरासमोर खड्डा घेऊन ते लावले, चार घागरी पाणी घातले आणि रोज घालत राहिला. आठ दिवसांत पाने गळाली. मृगात फांदीला नख लावून पाहिले तर आत हिरवे काही उरले नव्हते. आई भावाला काही बोलली नाही. ‘झाडाला आधी सांगावं लागतंय रे,’ एवढेच म्हणाली. भाऊ आज साठीला आला आहे. अजूनही कोणी पारिजातकाचा विषय काढला की तो उठून बाहेर जातो.

‘झाडाला आधी सांगावं’ हा शब्द आईने गावातल्या एका म्हाताऱ्या माळीबुवांकडून उचललेला होता. मला तेव्हा ती भाबडी समजूत वाटली. पुढे कळले की त्यात शास्त्राचाच भाग जास्त आहे. झाड पाणी पिते ते जाड मुळांनी नव्हे. ती जाड मुळे झाडाला धरून ठेवतात आणि पाणी वाहून नेतात. पिण्याचे काम टोकांवरची केसासारखी बारीक मुळे करतात, आणि ती बुंध्याजवळ नसतात. वरच्या फूट-दीड फूट मातीत, फांद्यांच्या घेराच्याही बाहेरपर्यंत ती पसरलेली असतात. आपण बुंध्याभोवती खणून झाड उचलतो तेव्हा पिणारी बहुतेक मुळे जुन्या जागीच राहतात. वरती पाने मात्र तेवढीच, आणि तेवढेच पाणी मागणारी. खाली जमीन ओली आणि वर झाड सुकलेले, असे दिसते ते यामुळे. मग माणूस घाबरून आणखी पाणी घालतो, आणि उरलीसुरली मुळे कुजतात. माझ्या भावाने नेमके हेच केले.

आधी सांगायचे म्हणजे काय, ते आईने त्याच वर्षी मोगऱ्यावर करून दाखवले. मृगाचा पहिला चांगला पाऊस झाल्यावर ती जुन्या गावठाणात गेली. मोगऱ्याच्या बुंध्यापासून हातभर अंतर सोडून तिने फूटभर खोल चर खणला, पण अर्ध्याच गोलात. पूर्वेकडचा अर्धा चर खणला आणि पश्चिमेकडची बाजू तशीच ठेवली. चरात सापडलेली मुळे विळ्याने साफ कापली, फाडली नाहीत. मग चरात कुजलेले शेणखत आणि भुसभुशीत माती भरून घरी आली. चार आठवड्यांनी, पुनर्वसूत, उरलेला अर्धा गोल. झाडाची निम्मी मुळे शाबूत असतात तोवर ते तग धरते, आणि कापलेल्या मुळांच्या टोकांशी त्या मऊ मातीत नवी बारीक मुळे फुटू लागतात. म्हणजे जी मुळे दूर पसरली होती ती आता गोळ्याच्या आत, बुंध्याजवळ येतात. श्रावणात झाड उचलायचे तेव्हा ते आपले तोंड बरोबर घेऊन निघालेले असते. माळीबुवांचे सांगणे याहून निराळे काय होते?

दुसरी गोष्ट वाफशाची. आमच्या काळ्या मातीचा स्वभाव फार हट्टी आहे. वाळली की तिला हात जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगा मुळेसुद्धा तोडतात. भिजली की तिचा लोणी होऊन चिखल होतो. दोन्ही वेळी गोळा धरत नाही. पाऊस उघडल्यावर दोन-तीन दिवसांनी जमीन वाफशाला येते. मूठभर माती दाबली तर लाडू वळावा आणि टिचकी मारली तर फुटावा, असा तो बेत असतो. तोच दिवस धरावा लागतो, आणि तो दिवस रविवारीच येईल असे नाही. पंचांगातही तो सापडत नाही, मातीत हात घालूनच कळतो. माळरानावरच्या मुरमाड जमिनीत गोळा धरतच नाही. तिथे खालून गोणपाट सरकवून सुतळीने आवळून बांधल्याशिवाय झाड हलवू नये.

आईने मोगऱ्याच्या पूर्वेकडच्या फांदीला लाल दोरा बांधला होता. नव्या जागी तो दोरा पूर्वेलाच आला पाहिजे, हा तिचा कटाक्ष. मी हसलो होतो. पण खोडाची जी बाजू वर्षानुवर्षे सावलीत राहिली ती एकदम दुपारच्या उन्हाकडे आली तर साल भाजते, हे मी नंतर लिंबाच्या झाडावर स्वतः पाहिले. संध्याकाळी उन्हे उतरल्यावर झाड काढले, गोणपाटात बांधले आणि बैलगाडीत कडब्याच्या पेंढ्यांवर ठेवून नेले. नव्या खड्ड्याच्या भिंती आईने पहारीने टोचून खरबरीत करून घेतल्या होत्या. काळ्या जमिनीत फावड्याने गुळगुळीत कापलेला खड्डा म्हणजे मडकेच. त्यात पाणी साचते आणि मुळे त्या भिंतीला टेकून आतल्या आत फिरत बसतात. झाड जुन्या जागी जेवढे खोल होते तेवढेच ठेवले, बोटभरही खाली नाही. फांद्या तिसऱ्या हिश्शाने छाटल्या. काही लोक निम्म्याहून जास्त छाटतात, ते मला पटत नाही. नवी मुळे फुटायला लागणारे अन्न पानेच तयार करतात. त्यापेक्षा सावली करावी. आईने तुराट्यांचा छोटा मांडव केला आणि दसऱ्याला काढला.

श्रावणच का, हेही सांगतो. मृगात हलवले तर आमच्याकडे पावसाने दडी मारण्याची भीती, आणि मोगऱ्याचा बहरही पुरता ओसरलेला नसतो. श्रावणात आभाळ झाकलेले असते, पुढे उत्तरा आणि हस्ताचा पाऊस हाताशी असतो, त्यामागून हिवाळा येतो. उन्हाळ्याला तोंड द्यायच्या आधी झाडाला सहा महिने मिळतात. कोकणातल्या माणसाला ही घाई-गर्दी कळणार नाही. आमच्याकडे पाऊस हा पाहुणा आहे, त्याच्या सोयीने सगळे ठरवावे लागते.

तो मोगरा १९९७ च्या उन्हाळ्यात मोजून अकरा फुले देऊन गेला. आईने ती सगळी तुळजाभवानीच्या तसबिरीला वाहिली. पुढच्या वर्षीपासून ओटी भरून फुले निघू लागली. २००९ मध्ये आई माझ्याकडे उमरग्याला राहायला आली तेव्हा तिच्याबरोबर मोगराही आला, याच पद्धतीने. तेव्हा आई पंचाहत्तरीची होती. खुर्चीत बसून ती सांगे आणि मी खणत असे. त्या वेळी माझ्या हातून एक चूक झाली. उत्साहाच्या भरात मी गावच्या वृंदावनातली तिची जुनी, खोड लाकडासारखे झालेली तुळसही काढून आणली. ती जगली नाही. मी तोंड पाडून बसलो, तर आईने पदराच्या गाठीतून मंजिऱ्या काढल्या. म्हणाली, ‘तुळस न्यायची नसती, मंजिरी न्यायची असती. मला ठाव होतं, तू ऐकणार न्हाईस.’

इथेच माझ्या मुलाच्या बाजूने काही बोलायला हवे. झाड हलवणे हा नेहमीच शहाणपणा असतो असे नाही. मोगऱ्याची खालची फांदी वाकवून मातीत दाबली आणि वर दगड ठेवला, तर पावसाळ्यात तिला मुळे फुटतात आणि नवे झाड आयते मिळते. जास्वंदीची गुटी बांधता येते. देवचाफ्याची तर पानगळ झाल्यावर फांदी कापून, चीक सुकवून नुसती रोवली तरी पुरते. पपई, जुनी तुळस, मोठे झालेले कडुनिंबाचे झाड यांच्या वाटेला जाऊच नये. आणि कंदांची, ठोंबांची झाडे हलवायला भ्यायचे कारण नाही. कर्दळ, गवती चहा, शेवंती यांना तर दोन-तीन वर्षांनी हलवावेच लागते. जुना ठोंब आहे तसा उचलून लावणे मात्र चुकीचे. मधला भाग म्हातारा आणि पोकळ झालेला असतो. तो टाकून कडेचे तरणे फुटवे वेगळे करून लावावेत. निशिगंधाची पाने पिवळी पडून झोपली की कंद काढावेत. यांचा प्राण जमिनीखाली साठवलेला असतो, त्यांना प्रवासाचे भय नाही.

मुलगाही हेच म्हणाला. ‘मग दाब कलम करू आणि हे जुनं काढून टाकू. झाड तेच की!’ शास्त्र त्याच्या बाजूने आहे. कलमाचे झाड गुणाने तेच असते. मी एक फांदी दाबूनही ठेवली आहे, न जाणो. पण जुन्या गावठाणातून आमच्याबरोबर आलेले एवढे एकच उरले आहे. आई २०१४ साली गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आमच्याकडेही टँकरची वाट पाहण्यात दिवस जात, तेव्हा माझ्या बायकोने भांडी विसळलेले पाणी तांब्या-तांब्याने घालून हा मोगरा राखला. हे सगळे कलमात उतरत नाही. याला कोणी हळवेपणा म्हणेल. म्हणो.

माझी खरी तक्रार मात्र मुलाशी नाही. ‘दहा मिनिटांत उचलू’ ही भाषा त्याने कुठून उचलली, ते मला ठाऊक आहे. रस्ता रुंद करायचा, मेट्रो न्यायची, इमारत बांधायची म्हटले की आता ‘झाडे तोडणार’ असे कोणी म्हणत नाही. ‘पुनर्रोपण करणार’ असे म्हणतात. शब्द ऐकून आपण निश्चिंत होतो. मग एका दुपारी यंत्र येते, फांद्यांचा खराटा करते, गोळा असो-नसो, झाड ट्रकवर आडवे घालते आणि कुठल्या तरी मोकळ्या जागेत उभे करून जाते. मुंबईत मेट्रोसाठी अशी हलवलेली पुष्कळ झाडे जगली नाहीत. आमच्या जिल्ह्यातून जाणारा सोलापूर-धाराशिव-बीड महामार्ग चौपदरी झाला तेव्हा कडेची जुनी झाडे गेली. ती सरळ तोडली गेली, आणि एका परीने मला ते अधिक प्रामाणिक वाटते. निदान तोडले असे म्हणता तरी आले. यंत्राला माझा विरोध नाही. मोठ्या झाडाचा गोळा माणसांच्या खांद्याला पेलत नाही, त्याला यंत्र हवेच. पण यंत्र येण्याच्या आधी काही महिने चर खणणारा माणूस आणि यंत्र गेल्यावर दोन उन्हाळे पाणी घालणारा माणूस ठेकेदाराच्या कागदात कुठे असतो? ज्या पुनर्रोपणाच्या कागदात हे दोघे नाहीत, त्याला तोड म्हणावे आणि तोडीचे नियम लावावेत. राज्यात नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ पासून कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसावृक्ष म्हणून मान दिला. त्या झाडाला उचलण्यापूर्वी आगाऊ सांगायचे बंधन आणि दोन वर्षांनी ते जिवंत आहे की नाही हे जाहीर करायचे बंधन घाला, एवढीच माझ्यासारख्याची मागणी आहे. जगलेल्या झाडामागे पैसे द्या, उचललेल्या झाडामागे देऊ नका. मग पाहा, किती ठेकेदारांना वाफसा म्हणजे काय ते कळू लागेल.

मुलगा मागच्या शनिवारी पुन्हा आला होता. जेसीबी निघून गेला होता. त्याने काही न बोलता शर्टाच्या बाह्या सरसावल्या, आणि मी दाखवले तिथे पूर्वेकडचा अर्धा गोल खणून दिला. एका मुळावर त्याने फावडे मारले, ते मी विळ्याने पुन्हा साफ कापले. तो म्हणाला, ‘लाल दोरा आणू का?’ आजीचा दोरा त्याला आठवत होता, हे मला माहीत नव्हते. मोगऱ्याची चार पाने पिवळी पडली आहेत, बाकी ठीक आहे. दुसरा अर्धा पुनर्वसूत खणायचा आहे. तोवर गाडी रस्त्यावर उभी आहे, आणि सकाळी तिच्या टपावर कावळे बसतात म्हणून बायको रोज एक जुनी चादर टाकते.